न ढकलता धरून ठेवणे : क्लायस्ट्रॉनमधील चुंबकीय क्षेत्राविषयी

कणत्वरकांवर मराठीत जे थोडेबहुत लिहिले गेले आहे, त्यात बोगद्यांची लांबी येते, कणांची ऊर्जा येते, नोबेल पारितोषिके येतात. कणांना ऊर्जा देणाऱ्या मायक्रोवेव्ह कुठून आल्या याला एखादे वाक्य मिळते. त्या मायक्रोवेव्ह निर्माण करणाऱ्या नळीभोवती जो चुंबक बसवलेला असतो, त्याला मात्र तेवढेही मिळत नाही. हे पुस्तक त्या चुंबकाविषयी आहे. विषय अरुंद वाटेल, पण तो तसा नाही असे माझे ठाम मत आहे. मोठ्या त्वरकाची किंमत, त्याचे विजेचे बिल आणि त्याची मर्यादा या तिन्ही गोष्टींचे धागे या चुंबकापर्यंत येऊन पोहोचतात. एकदा तर हजारो नळ्यांच्या एका प्रकल्पाचे गणित याच चुंबकापाशी अडले होते. तो प्रसंग पुढे सांगितला आहे.

आधी नळीची ओळख. क्लायस्ट्रॉनचा जन्म १९३७ साली कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात झाला. रसेल व्हेरियन हे भौतिकशास्त्राचे पदवीधर, त्यांचे धाकटे भाऊ सिगर्ड हे वैमानिक. अंधारात आणि ढगांत विमान शोधता यावे, यासाठी सिगर्ड यांना लहान तरंगलांबीच्या रेडिओलहरी हव्या होत्या. विल्यम हॅन्सन यांनी त्याच विद्यापीठात धातूच्या पोकळीत रेडिओलहरी घुमवण्याचे तंत्र शोधले होते. विद्यापीठाने दोघा भावांना प्रयोगशाळा वापरायची मुभा दिली, साहित्यासाठी वर्षाला १०० डॉलर दिले आणि बदल्यात पेटंटमध्ये अर्धा वाटा ठेवला. इलेक्ट्रॉनांच्या वेगात फेरफार करून त्यांचे पुंजके बनवण्याची सैद्धांतिक मांडणी ऑस्कार हाइल आणि अग्नेसा आर्सेनयेवा-हाइल या दांपत्याने १९३५ मध्येच केली होती. व्हेरियन बंधूंनी ती कल्पना स्वतंत्रपणे गाठली आणि प्रत्यक्षात आणली.

क्लायस्ट्रॉनचे तत्त्व थोडक्यात असे. तापलेल्या कॅथोडमधून निघालेला इलेक्ट्रॉनांचा झोत उच्च विद्युतदाबाने पुढे फेकला जातो. वाटेत पहिली अनुनादी पोकळी लागते. तिच्यात घातलेला क्षीण मायक्रोवेव्ह संकेत काही इलेक्ट्रॉनांना किंचित वेगवान करतो, तर काहींना किंचित मंद. पुढच्या मोकळ्या नळीत वेगवान इलेक्ट्रॉन मंद इलेक्ट्रॉनांना गाठतात आणि सलग झोताचे पुंजके होतात. मधल्या पोकळ्या हे पुंजके आणखी घट्ट करतात. शेवटच्या पोकळीत पुंजके आपली ऊर्जा मायक्रोवेव्हला देतात. उरलेला थकलेला झोत पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या संग्राहकात जाऊन आदळतो.

शाळकरी आकृतीत हा झोत दोन समांतर रेषांनी दाखवतात. सगळी अडचण त्या दोन रेषांत आहे. इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर लोटतात. झोत समांतर राहावा असे त्याच्या स्वभावातच नाही. स्टॅनफर्डच्या स्लॅक प्रयोगशाळेतला '५०४५' नावाचा क्लायस्ट्रॉन घेऊ. तो १९८० च्या दशकात घडला आणि त्या जातीच्या शेकडो नळ्या तिथे बनल्या. त्याचा विद्युतदाब ३५० किलोव्होल्ट, झोताचा प्रवाह ४१४ अँपिअर, वारंवारता २८५६ मेगाहर्ट्झ आणि मायक्रोवेव्ह शक्ती सुमारे ६५ मेगावॅट. ही शक्ती साडेतीन मायक्रोसेकंदांच्या स्पंदात, सेकंदाला जास्तीत जास्त १८० वेळा मिळते. त्यातले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या सुमारे ८० टक्के वेगाने धावतात. इतक्या वेगात एक गोष्ट आपल्या बाजूची असते. एकाच दिशेने वाहणारे प्रवाह चुंबकीय बलाने एकमेकांकडे ओढले जातात, आणि ही ओढ प्रतिकर्षणाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग भरून काढते. तरीही उरलेले एक-तृतीयांश पुरेसे घातक असते. एक सेंटिमीटर त्रिज्येचा असा झोत कुठल्याही आधाराविना सोडला, तर तो सुमारे अकरा सेंटिमीटर अंतरात दुप्पट जाड होतो. क्लायस्ट्रॉनमध्ये त्याला अर्ध्या मीटरहून अधिक अंतर, जवळपास त्याच्याच जाडीच्या छिद्रांतून, भिंतीला न शिवता कापायचे असते.

भिंतीला शिवला तर काय होते, हेही आकड्यांत पाहावे. ३५० किलोव्होल्ट गुणिले ४१४ अँपिअर म्हणजे स्पंद चालू असताना झोतात १४५ मेगावॅट शक्ती असते. त्यातला एक टक्का भिंतीवर पडला, तरी तो जवळजवळ दीड मेगावॅट झाला, आणि तो सारा तांब्याच्या पातळ कडेवर. एका स्पंदात तांबे वितळेल असे नाही. पण प्रत्येक स्पंदाला पृष्ठभाग क्षणभर तापतो, प्रसरण पावतो, निवतो. लाखो स्पंदांनंतर त्याला भेगा पडतात, वायू सुटतो, निर्वात बिघडतो आणि नळीच्या आत ठिणगी पडते. ऊर्जावान इलेक्ट्रॉन धातूवर आदळले की क्ष-किरण निघतात. म्हणून अशा नळीभोवती शिशाचे कवच लागते. झोत सांभाळण्याचे काम नळीचे आयुष्य ठरवते ते असे.

हे काम चुंबकीय क्षेत्राकडे का जाते? दहावीला शिकलेला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम आठवावा. चुंबकीय बल नेहमी गतीच्या लंब दिशेने असते. त्यामुळे ते इलेक्ट्रॉनाला वळवू शकते, पण त्याची ऊर्जा वाढवू किंवा घटवू शकत नाही. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत ढोलपथकाभोवती स्वयंसेवक दोर धरून चालतात. दोर कुणाला पुढे ढकलत नाही, पण तो सुटला तर पथकाची रांग टिकत नाही. चुंबकीय क्षेत्राचे काम त्याच जातीचे आहे. झोताकडून ते काही घेत नाही आणि त्याला काही देत नाही. मात्र ते क्षेत्र उभे करायला आपल्याला वीज मोजावी लागते, आणि या पुस्तकातला निम्मा संघर्ष त्या विजेपायी आहे.

झोताच्या अक्षाला समांतर असे क्षेत्र लावले की झोत आत दाबला जातो, हे वाक्य अनेक पुस्तकांत असते आणि ते वाचकाला गोंधळात टाकते. अक्षाला समांतर क्षेत्र समांतर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनावर बलच लावत नाही. मग दाब येतो कुठून? उत्तर क्षेत्राच्या उंबरठ्यावर आहे. झोत क्षेत्रात शिरतो तिथे बलरेषा वाकलेल्या असतात, त्यांना अक्षाकडे जाणारा घटक असतो. तो घटक इलेक्ट्रॉनांना बाजूला ढकलतो आणि सगळा झोत अक्षाभोवती फिरू लागतो. फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनावर अक्षीय क्षेत्राचे बल आतल्या दिशेने लागते. म्हणजे झोत फिरतो म्हणून आवळला जातो. हान्स बुश यांनी १९२६ मध्ये या भ्रमणाचा नियम दिला : इलेक्ट्रॉन किती फिरेल हे तो जिथे जन्मला तिथल्या आणि आता जिथे आहे तिथल्या चुंबकीय स्रोताच्या फरकावर ठरते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा सारा पाया या नियमावर उभा आहे, आणि आपल्या विषयाचाही.

त्या नियमातून सर्वात काटकसरीचा उपाय लेऑं ब्रिल्वँ यांनी १९४५ मध्ये मांडला. कॅथोडला लोखंडाच्या पडद्याआड ठेवून तिथले क्षेत्र शून्य करायचे. पुढे क्षेत्रात शिरताना झोताला नेमके इतके भ्रमण मिळते की आतले चुंबकीय बल एका बाजूला आणि प्रतिकर्षण व केंद्रोत्सारी ओढ दुसऱ्या बाजूला, असा पुरता समतोल साधतो. यापेक्षा कमी क्षेत्रात तेवढ्या जाडीचा तेवढा झोत धरताच येत नाही. वर घेतलेल्या ४१४ अँपिअरच्या, एक सेंटिमीटर त्रिज्येच्या झोताला हे किमान क्षेत्र ६०० ते ७०० गॉस येते. पृथ्वीचे क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास आहे, हे तुलनेला धरावे.

कागदावर ब्रिल्वँ यांचा समतोल अतिशय देखणा आहे. मोठ्या नळीत मात्र तो टिकत नाही, आणि त्याचे कारण नळीच्या कामातच आहे. क्लायस्ट्रॉन झोताचे पुंजके बनवतो. शेवटच्या पोकळीजवळ पुंजक्यातला प्रवाह सरासरीच्या कितीतरी पट झालेला असतो, प्रतिकर्षणही तेवढेच वाढलेले असते, आणि त्याच जागी ऊर्जा देऊन इलेक्ट्रॉन मंदावतात, म्हणजे आणखी दाटी करतात. सलग झोतासाठी जेमतेम पुरणारे क्षेत्र या जागी अपुरे पडते. म्हणून मोठ्या क्लायस्ट्रॉनमध्ये वेगळी रीत वापरतात. कॅथोडला क्षेत्रापासून लपवत नाहीत. उलट बलरेषा कॅथोडच्या पृष्ठभागातूनच निघतील आणि झोताच्या वाटेने आवळत जातील अशी योजना करतात. इलेक्ट्रॉन जन्मापासून आपापल्या बलरेषेला बांधलेले राहतात. याला लागणारे क्षेत्र ब्रिल्वँ यांच्या किमान क्षेत्राच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. झोत ताठ राहतो, पुंजक्यांच्या धक्क्याने सहसा विस्कटत नाही. किंमत वाढीव क्षेत्राची.

या योजनेत कॅथोडच्या मागे एक छोटी वेटोळ्यांची गुंडाळी बसवतात. तिच्यातला प्रवाह थोडा कमीजास्त केला की कॅथोडमधून जाणाऱ्या बलरेषांचे प्रमाण बदलते आणि पुढच्या सगळ्या झोताची जाडी बदलते. नळीभोवतीची मुख्य नालकुंतल, म्हणजे तारेची लांब गुंडाळी, हीदेखील एकसंध नसते. तिचे अनेक भाग असतात आणि प्रत्येकाचा प्रवाह वेगळा ठेवता येतो. शेवटच्या पोकळीपाशी क्षेत्र वाढवत नेतात, तिच्यापुढे ते ढासळू देतात, म्हणजे झोत आपोआप फुलतो आणि संग्राहकाच्या मोठ्या पृष्ठभागावर पसरून पडतो. नवी नळी चाचणीला लावली की अभियंता हे प्रवाह एकेक करून बदलत जातो आणि बाहेर पडणारी शक्ती, थंड करणाऱ्या पाण्याचे तापमान, निर्वाताचा दाब यांच्याकडे पाहत राहतो. पाणी अपेक्षेपेक्षा तापले तर झोत कुठेतरी भिंतीला घासतो आहे. चुंबकाचा प्रवाह ठरलेल्या पातळीवर आल्याखेरीज उच्च दाब चालूच होऊ नये अशी कुलूपव्यवस्था प्रत्येक केंद्रावर असते. या जुळवणीवर पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे, आणि मला ते सर्वात महत्त्वाचे वाटते, कारण संगणकाने काढलेला झोत आणि प्रत्यक्षातला झोत यांची गाठ तिथे पडते.

आता चुंबक कोणता वापरायचा हा प्रश्न. इथे इतिहास सरळ रेषेत चालत नाही. हॅन्सन १९४९ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी वारले. त्यांच्या हयातीतच एडवर्ड गिन्झ्टन आणि मार्व्हिन चोडोरोव्ह यांनी स्टॅनफर्डच्या त्वरकासाठी मेगावॅट दर्जाचा क्लायस्ट्रॉन बांधायला घेतला होता. तोवरच्या क्लायस्ट्रॉनची शक्ती किलोवॅटमध्ये मोजली जाई, आणि यांचे लक्ष्य ३० मेगावॅटचे होते. म्हणजे जवळजवळ हजारपटीची उडी. ती साधली. त्या नळ्यांवर चाललेल्या 'मार्क-३' त्वरकावर रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी अणुकेंद्राचा आकार मोजला आणि त्यांना १९६१ चे नोबेल मिळाले. पुढे १९६६ मध्ये स्लॅकचा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा त्वरक सुरू झाला, तेव्हा जमिनीवरच्या लांबच लांब दालनात अडीचशेच्या घरात क्लायस्ट्रॉन उभे होते. त्वरक त्यांच्या कित्येक मीटर खाली, जमिनीत. प्रोटॉनच्या आत टणक कण असल्याचा पुरावा देणारे प्रयोग या यंत्रावर झाले. फ्रीडमन, केंडॉल आणि टेलर यांना त्यासाठी १९९० चे नोबेल मिळाले.

त्या पहिल्या पिढीतल्या २४ मेगावॅटच्या नळ्यांभोवती स्थायी चुंबक होते. विचार योग्यच होता. शेकडो नळ्या, प्रत्येकीला वेगळा वीजपुरवठा, वेगळे थंड पाणी आणि वेगळी कुलूपव्यवस्था देण्यापेक्षा वीज न खाणारा चुंबक बरा. पण १९८० च्या दशकात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची टक्कर घडवण्यासाठी ऊर्जा सुमारे ५० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत न्यायची ठरली, तेव्हा ६५ मेगावॅटच्या ५०४५ साठी विद्युतचुंबकी नालकुंतल स्वीकारावी लागली. मोठ्या लांबीवर, अधिक तीव्र आणि जागच्या जागी जुळवता येणारे क्षेत्र स्थायी चुंबकांतून मिळवणे अवघड होते. काही काळ हा प्रश्न मिटल्यासारखा झाला. हे क्लायस्ट्रॉन इतके टिकाऊ निघाले की त्याच त्वरकाच्या शेवटच्या एक-तृतीयांश भागावर २००९ मध्ये एलसीएलएस हा क्ष-किरण लेसर सुरू झाला, तेव्हाही शक्ती पुरवायला तेच होते.

प्रश्न पुन्हा उसळला तो वारंवारता चौपट झाल्यावर. १९९० च्या दशकात स्लॅक आणि जपानची केईके प्रयोगशाळा पुढच्या सरळ रेषेतल्या टक्करयंत्राची आखणी करत होत्या. त्वरक आखूड करायचा तर वारंवारता वाढवावी, म्हणून २८५६ च्या चौपट, ११,४२४ मेगाहर्ट्झ निवडली गेली. तरंगलांबी साडेदहा सेंटिमीटरवरून २.६ सेंटिमीटरवर आली. नळीतले सगळे त्याच प्रमाणात आकसले. झोताच्या वाटेचे छिद्र एका सेंटिमीटरहून लहान झाले. झोताचा प्रवाह मात्र फारसा कमी करता येत नाही, कारण शक्ती हवी आहे. झोत बारीक झाला की त्याला धरणारे क्षेत्र त्याच प्रमाणात वाढवावे लागते. स्लॅकच्या ५० मेगावॅटच्या एक्सएल-४ या नळीचे क्षेत्र ४७०० गॉस होते, आणि असे क्षेत्र देणारी साधी तांब्याची नालकुंतल सुमारे २० किलोवॅट वीज खाते.

हा आकडा किती मोठा आहे हे गुणाकार केल्याशिवाय कळत नाही. ५० मेगावॅट शक्ती दीड मायक्रोसेकंदाच्या स्पंदात, सेकंदाला १२० वेळा, हा त्या टक्करयंत्राचा बेत. सरासरी शक्ती होते नऊ किलोवॅट. म्हणजे नळी जेवढी मायक्रोवेव्ह शक्ती देणार, त्याच्या दुपटीहून जास्त वीज तिच्या झोताला नुसते धरून ठेवण्यात जाणार. आणि अशा नळ्या हजारो लागणार. नळीची कार्यक्षमता दोन-चार टक्क्यांनी वाढवण्यासाठी जिवाचे रान करणाऱ्या माणसांना हे गणित समोर दिसत होते. मला या विषयाचे वेड लागले ते या गुणाकारापाशी.

त्यावरचा उपाय जुना होता. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल प्रयोगशाळेत जॉन पिअर्स यांनी, आणि १९५४ मध्ये मेंडेल, क्वेट व योकम यांनी, दिशा आलटून-पालटून बदलणाऱ्या स्थायी चुंबकांच्या रांगेने झोत धरण्याची रीत मांडली होती. ब्रिल्वँ यांच्या समतोलात आतला दाब क्षेत्राच्या वर्गावर अवलंबून असतो. वर्ग केला की ऋण चिन्ह नाहीसे होते; क्षेत्र पुढच्या दिशेने असो की मागच्या, दाब आतच येतो. मग एकसारखे क्षेत्र कशाला? छोट्या कंकणाकृती चुंबकांची रांग लावावी, एकाचा उत्तर ध्रुव दुसऱ्याच्या उत्तर ध्रुवासमोर, मध्ये लोखंडाच्या चकत्या. एका बाजूच्या बलरेषा शेजारचा चुंबक लगेच परत वळवतो, त्यामुळे बाहेर वाया जाणारे क्षेत्र अत्यल्प राहते आणि लोहचुंबकाचे वजन कितीतरी घटते. वीज शून्य. उपग्रहांवरच्या प्रवासी-तरंग नळ्या याच रीतीवर चालतात. तिथे तर दुसरा मार्गही नाही.

पण उपग्रहावरच्या नळीत झोत काही किलोव्होल्टचा आणि शक्ती वॅटमध्ये. तीच रीत पाव-अर्ध्या मेगाव्होल्टच्या झोताला लावणे हे धाडस होते. अडचण अशी की क्षेत्र दर टप्प्याला शून्यातून जाते, त्यामुळे झोत एकसारखा आवळलेला नसतो, तो थोडा फुलतो, थोडा आकसतो. त्याच्या गतीचे समीकरण एमिल मात्यू यांनी १८६८ मध्ये लंबवर्तुळाकार पडद्याच्या कंपनांसाठी मांडलेल्या समीकरणाच्या रूपाचे आहे. त्या समीकरणाची उत्तरे काही पट्ट्यांत स्थिर असतात, काही पट्ट्यांत अमर्याद वाढतात. चुंबकांचा टप्पा झोताच्या स्वतःच्या आंदोलनाच्या लांबीपेक्षा पुरेसा लहान असेल तरच झोत टिकतो. विद्युतदाब कमी झाला की ही आंदोलनाची लांबी आखडते आणि झोत अस्थिर पट्ट्यात जातो. स्पंद सुरू होताना आणि संपताना दाब शून्यापासून चढतो आणि उतरतो; त्या काही क्षणांत झोत भिंतीवर पडणारच. म्हणून स्पंदाच्या कडा शक्य तितक्या उभ्या ठेवाव्या लागतात. नालकुंतलीला हे दुखणे नाही.

दुसरी अडचण कारखान्यातली. निर्वात नळी बंद करण्यापूर्वी ती भट्टीत सुमारे पाचशे अंशांवर भाजून आतला वायू काढतात. निओडिमियमच्या चुंबकांचे चुंबकत्व त्याच्या बरेच आधी, तीनशेच्या थोडे वर, नाहीसे होते. समारियम-कोबाल्ट जास्त उष्णता सोसते, पण तेही भाजणीतून अबाधित निघत नाही. तेव्हा लोखंडाच्या चकत्या नळीतच जोडायच्या आणि चुंबक अर्धवर्तुळांच्या जोड्यांनी नंतर बाहेरून बसवायचे, अशी युक्ती निघाली. १९९६ मध्ये स्लॅकमध्ये ५० मेगावॅटची पहिली अशी नळी चालली, पन्नास टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेने. तिच्यानंतर ७५ मेगावॅटच्या, सुमारे ४९० किलोव्होल्टवर चालणाऱ्या नळ्या आल्या. नळीच्या आत नको त्या वारंवारतांची आंदोलने उठत, म्हणून झोतवाहिनीसाठी तांब्याऐवजी मुद्दाम विद्युतरोध असलेला धातू वापरावा लागला. एकेक दुखणे असे निस्तरत ही रीत सिद्ध झाली. माझ्या मते त्या काळातले हे सर्वात सुंदर अभियांत्रिकी काम आहे.

आणि मग २००४ च्या ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय समितीने पुढच्या टक्करयंत्रासाठी अतिवाहक तंत्र, १३०० मेगाहर्ट्झचे, निवडले. त्या वारंवारतेला नळ्या मोठ्या, झोत जाड, क्षेत्र सौम्य. स्थायी चुंबकांच्या रांगेची निकड संपली. निवड चुकीची होती असे मी म्हणणार नाही. तिची कारणे भक्कम होती. पण ज्या नळ्यांसाठी हे सारे केले त्यांचे गिऱ्हाईकच गेले, आणि त्या कामाचा बराच भाग परिषदांच्या अहवालांत पडून राहिला. हे पुस्तक लिहिण्यामागे तो अनुभव जपून ठेवण्याची इच्छा आहे.

उच्च वारंवारतेचे तंत्र मेले नाही. जिनिव्हाच्या सर्नमध्ये क्लिक या प्रस्तावित टक्करयंत्राच्या एका आराखड्यात १२ गिगाहर्ट्झचे हजारो क्लायस्ट्रॉन आहेत, म्हणजे जुना गुणाकार पुन्हा दारात. या वेळी उत्तर वेगळ्या दिशेने आले. मॅग्नेशियम डायबोराइड हे संयुग ३९ केल्व्हिनखाली अतिवाहक होते, हे २००१ मध्ये जपानमध्ये कळले. त्याच्या तारेची नालकुंतल २० केल्व्हिनवर चालते, म्हणजे तिला द्रव हीलियमची गरज नाही, छोटे शीतयंत्र पुरते. सर्न, केईके आणि हिताची यांनी अशी नालकुंतल बांधून दाखवली. शीतयंत्रासकट तिचा वीजखर्च सुमारे २० किलोवॅटवरून तीन किलोवॅटच्या आत आला. नालकुंतलीची जुळवणी हातात राहते आणि बिलही उतरते. आज नव्याने निवड करायची झाली, तर मी या मार्गाला कौल देईन.

इतर वाटांचा उल्लेख इथे थोडक्यात. एका जाड झोताऐवजी सहा-सात बारीक झोत एकाच नळीत चालवले तर विद्युतदाब कमी ठेवता येतो; हॅम्बुर्गजवळच्या युरोपीय एक्सएफईएल या क्ष-किरण लेसरमधले १० मेगावॅटचे क्लायस्ट्रॉन असे आहेत. अक्षापासून बाजूला असलेल्या प्रत्येक झोताला सरळ क्षेत्र देणे हे त्यातले कौशल्य. पट्टीसारखा चपटा झोत वापरण्याचे प्रयत्नही झाले, पण पट्टीच्या कडा गुंडाळल्या जातात आणि तो धरणे फार कठीण ठरले.

आपल्याकडचे काय? खारघरच्या इलेक्ट्रॉन बीम सेंटरमधला १० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा रेषीय त्वरक २८५६ मेगाहर्ट्झच्या क्लायस्ट्रॉनवर चालतो. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या लेहिपा या प्रोटॉन त्वरकाला ३५२ मेगाहर्ट्झचे एक मेगावॅटचे क्लायस्ट्रॉन शक्ती देतात. पिलानीच्या सीरी संस्थेत मेगावॅट दर्जाच्या क्लायस्ट्रॉनवर दीर्घकाळ काम झाले आहे. पवईच्या समीर संस्थेने कर्करोगाच्या उपचारासाठी घडवलेले यंत्र मॅग्नेट्रॉनवर चालते. मॅग्नेट्रॉनमध्ये चुंबकाचे काम वेगळ्या प्रकारचे, म्हणून तो या पुस्तकाच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ या त्वरकासाठी आधी क्लायस्ट्रॉन होते. आता तिथे देशात बनवलेले घनस्थिती प्रवर्धक आहेत, आणि ५०६ मेगाहर्ट्झच्या सलग शक्तीसाठी ती निवड योग्यच आहे. पण दहा-वीस मेगावॅटचे आखूड स्पंद, तेही तीन गिगाहर्ट्झच्या वर, हवे असतील तर नळीला आजही पर्याय नाही. असे मोठे क्लायस्ट्रॉन जगात मोजक्याच कंपन्या बनवतात. देशात ते घडवायचे असतील तर झोत धरण्याची विद्या आपल्या अभियंत्यांच्या हातात असली पाहिजे, ती नळीबरोबर पेटीत बंद होऊन येत नाही.

वाचकाला बारावीपर्यंतचे भौतिकशास्त्र आणि थोडे कलन एवढे पुरेल. चुंबकीय क्षेत्राची मूल्ये गॉसमध्ये दिली आहेत, कारण प्रयोगशाळेत लोक अजून गॉसमध्येच बोलतात. दहा हजार गॉसचा एक टेस्ला. घाई असलेल्यांनी मात्यू समीकरणाचे प्रकरण पहिल्या वाचनात गाळले तरी चालेल. महाविद्यालयीन शिक्षकांना मात्र एक विनंती आहे. झोत अकरा सेंटिमीटरमध्ये दुप्पट होतो हे वर दिलेले गणित विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करून घ्यावे, आणि मग ३५० किलोव्होल्टऐवजी ३५ किलोव्होल्ट धरून पुन्हा करून घ्यावे. लागणारी सर्व सूत्रे दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी एकत्र दिली आहेत.